आया मोजणाऱ्या नेरूरकर मॅडम

नोकरीच्या मुलाखतीत मी पहिल्याच प्रश्नाला आपटलो. खिडकीबाहेर कंपाउंडच्या भिंतीला लागून उंच, सरळसोट झाडं ओळीने उभी होती. समोरच्या तिघांपैकी एक बाई तोवर माझ्या बायोडेटाकडे न बघता पेन्सिलीच्या मागच्या टोकाने अंबाडा खाजवत होत्या. त्यांनी विचारलं, "ते झाड कुठलं?"

"अशोक," मी म्हणालो. घाटकोपरला आमच्या सोसायटीत तीच झाडं आहेत, आणि सेक्रेटरीपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना अशोकच म्हणतात.

"नक्की?"

"शंभर टक्के, मॅडम."

"मग खाली जा आणि विचारून ये."

मला वाटलं विनोद आहे, म्हणून मी हसलो. बाई हसल्या नाहीत. मी दोन जिने उतरलो आणि वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "अशोका है ना, साब." मी धापा टाकत वर येऊन सांगितलं, "मॅडम, वॉचमनपण अशोकच म्हणतोय."

"मी झाडाला विचारायला सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

तो आसुपालव होता. खरा अशोक, म्हणजे सीतेचा अशोक, बेताच्या उंचीचा, पसरट, आणि त्याच्या जुन्या खोडालासुद्धा केशरी फुलांचे झुबके लागतात. हे सगळं मी वनस्पतिशास्त्राच्या पदवीला असताना शिकलो होतो, असं माझी गुणपत्रिका सांगते. तरीही नोकरी मिळाली. पुढे वर्षभराने मी कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "बाकीचे दोघं उमेदवार खाली गेलेच नाहीत. इथूनच वाद घालत बसले. तू निदान जिने उतरलास."

त्या बाई म्हणजे नेरूरकर मॅडम, आमच्या मुलुंडच्या संस्थेतल्या झाडांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, तीन फ्रीज आणि मागे हिरव्या जाळीखालची रोपवाटिका. मॅडमची उंची बेताची, आवाज त्या उंचीच्या दुप्पट. राहायला भांडुपला, मूळ गाव मालवणकडे. वडील गिरणीत साच्यावर होते, आणि मॅडमच्या बोलण्यात ते अधूनमधून येऊन आम्हाला शिस्त लावून जायचे. "धागा तुटला की आमचे बाबा आख्खा साचा बंद करायचे. तुझा आकडा तुटला तरी तू पुढे विणत का बसतोस रे?"

त्यांच्या रागाची एक खूण होती. काम बरं झालं की मी "लेल्या". काम बिघडलं की "अहो लेले". पहिल्या सहा महिन्यांत मला इतका मान मिळाला की नवीन आलेल्या क्लार्कला मी संस्थेचा उपसंचालक वाटलो.

त्यातला बराचसा मान मी एका दुपारी कमावला. पानांतून काढलेला डीएनए जेलीच्या चपट्या वडीत भरतात आणि तिच्यातून वीज सोडतात. तो काळ्या तारेकडून लाल तारेकडे सरकत जातो आणि वाटेत त्याचे तुकडे वेगळे होतात. शाळेतल्या मुलालाही जमेल असं काम. मी काळी तार लालच्या जागी लावली आणि लाल काळीच्या. चहा पिऊन आलो तेव्हा वडी कोरी होती. तीन दिवस खपून काढलेला डीएनए उलटा चालत वडीच्या बाहेर, भोवतालच्या पाण्यात निघून गेला होता. घाबरून मी ते पाणी बेसिनमध्ये ओतलं, पुरावा नको म्हणून. मॅडमनी कोऱ्या वडीकडे पाहिलं, मग ओल्या बेसिनकडे.

"गेला का?"

"कोण, मॅडम?"

"अशोक. एव्हाना खाडीला लागला असेल." मग शांतपणे, "अहो लेले, तारा लाल-काळ्या कशासाठी रंगवल्यात? तुमच्यासाठीच."

आमचं काम आईला समजावताना मी नेहमी अडखळायचो. मॅडम ते भाजीवालीलासुद्धा सांगू शकायच्या. अशोकाची साल औषधाला जाते, म्हणून लोक झाडं सोलतात आणि सोललेलं झाड वाळून मरतं. रानातला अशोक त्यामुळे कमी होत चाललाय. मग लोक म्हणतात, रोपं लावा. पण एका झाडाखालून गोणीभर बिया उचलल्या आणि त्यांची हजार रोपं केली, तर जंगल दिसतं खरं, आतून मात्र ते एकच घर असतं. एक रोग आला की सगळ्यांना एकदम. म्हणून आधी रानातल्या झाडांची पानं आणायची, प्रत्येकाच्या डीएनएमधल्या ठरलेल्या दहा-बारा जागा तपासायच्या. दर जागेला दोन आकडे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. ज्या राईत आकड्यांच्या जास्त तऱ्हा, ती राई आधी राखायची, आणि बिया तिथल्या पुष्कळ वेगवेगळ्या झाडांखालच्या घ्यायच्या.

हे सगळं त्या एका वाक्यात बसवायच्या: "झाडं मोजू नको, आया मोज."

आणि हे त्या कुठेही विचारत. भांडुपच्या टेकडीवर एकदा वृक्षारोपण होतं. मांडव, सत्कार, नारळ, सगळं होतं. स्थानिक पुढाऱ्यांनी जाहीर केलं की आज हजार रोपं लागणार. मॅडम पाहुण्या म्हणून व्यासपीठावर होत्या. त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, "किती आयांची?"

पुढारी माइक जवळ ओढून भरल्या गळ्याने म्हणाले, "मॅडम, आई एकच असते."

मांडवात टाळ्या. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला.

"तेच तर दुखणं आहे," मॅडम म्हणाल्या. चौकशी केली तेव्हा रोपं आणणाऱ्याने कबूल केलं की सगळ्या बिया त्याच्या घराजवळच्या एकाच झाडाच्या. मॅडमनी तरीही त्यांच्या वाट्याचं रोप लावलं, हात धुतले, बुंदीचा लाडू खाल्ला. पुढच्या पावसाळ्यात त्या पुढाऱ्यांचा स्वतःहून फोन आला, "मॅडम, यंदा अकरा आया आहेत हां." त्या दिवशी मॅडमनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला. साखरपुड्याला गेल्या तरी मुलगा-मुलगी लांबलांबच्या गावची आहेत ना, एवढंच विचारायच्या, आणि हो म्हटलं की समाधानाने जेवायला बसायच्या.

आता माझी करणी.

दक्षिण कोकणातल्या तीन देवराया आम्ही तपासत होतो. तिन्हींत ओढ्याकाठी अशोक होता. ज्या खात्याने काम दिलं होतं, त्याला यादी हवी होती. यादीत येईल त्या राईला राखणदार मिळणार, साल काढणाऱ्यांना तिथे बंदी होणार, आणि पुढची रोपं तिथल्याच बियांची होणार. जी राई यादीत येणार नाही, ती साल सोलणाऱ्यांच्या हवाली. तिसऱ्या राईत तर सोलणारे आधीच येऊन गेले होते. तिची पानं आणायला मॅडमनी मला पाठवलं. त्यांचा गुडघा तेव्हा सुजलेला होता.

सूचना स्पष्ट होत्या. तीस झाडं. दोन झाडांत तीस पावलं अंतर, म्हणजे सख्खी भावंडं टळतील. कोवळं, तांबूस, लोंबतं पान घ्यायचं. प्रत्येकाची वेगळी पुडी, पुडीवर पेन्सिलीने आकडा, फोनवर जागेची नोंद.

ओढ्याच्या, म्हणजे तिथल्या भाषेत व्हाळाच्या, अलीकडे मला बारा झाडं मिळाली. उरलेली अठरा पलीकडे होती. व्हाळाला कमरेएवढं पाणी, आणि माझ्या पायांवर तोवर सात जळवा. राईतल्या देवळाचे गुरवकाका म्हणाले, "पलीकडे जावक व्हया तर सांगा, मी येतंय वांगडा." मी म्हटलं, "सोबत नको काका, बघतो मी." आणि मी बघितलं. देवळाच्या पायरीवर बसून चहा पीत बराच वेळ बघितलं. मग उठून त्याच बारा झाडांची आणखी अठरा पानं तोडली, वेगवेगळ्या फांद्यांची, हा माझा प्रामाणिकपणा. पुड्यांवर तेरा ते तीस आकडे घातले. जागेच्या नोंदी पलीकडच्या झाडांकडे बघून अंदाजाने टाकल्या. पान ते पान, असं मी स्वतःला सांगितलं. कंपाउंडला लागून उभा असलेला आसुपालव ओळखता न येणारा माणूस असं स्वतःला सहज पटवू शकतो.

महिन्याभराने आकडे आले. तिसरी राई सगळ्यात दरिद्री ठरली. मॅडम कॉम्प्युटरसमोर बसून होत्या. मला हाक मारली.

"लेल्या, तेरा आणि एकवीस बघ. दहाच्या दहा जागा सारख्या."

"भावंडं असतील, मॅडम."

"भावंडं चारपाच जागी जुळतात रे. दहाही जुळत नाहीत. आणि हे बघ, चौदा आणि दोन. सोळा आणि पाच." त्यांनी चष्मा काढला. "माझ्याकडूनच नळ्यांची अदलाबदल झाली."

इथे मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी, मॅडम."

मॅडमना माझा संशय आला नाही, ही या गोष्टीतली सगळ्यात वाईट बाब. पेन्सिलीने पुडीवर लिहिलेला आकडा त्यांच्या लेखी देवाच्या कौलासारखा. स्वतःच्या हाताचा संशय मात्र लगेच आला. त्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या, आणि नळी धरताना त्यांचा अंगठा थोडा हलायचा. त्यांनी तीसही नमुने पहिल्यापासून पुन्हा केले, मला हात न लावू देता. आठ दिवस डबा टेबलावर तसाच. आकडे पुन्हा तेच आले. येणारच. माझी लबाडी इतकी चोख होती की दोनदा तपासूनही तिच्यात चूक सापडली नाही.

नवव्या दिवशी त्या संचालकांच्या नावे पत्र लिहीत होत्या. मी फाइल ठेवायला गेलो तेव्हा वाचलं. तिसऱ्या राईचे आकडे भरवशाचे नाहीत, ती यादीतून वगळावी. आणि नमुन्यांचं काम यापुढे दुसऱ्या कुणाकडे द्यावं, "माझ्या हाताची खात्री राहिलेली नाही."

"मॅडम, तुमचा हात ठीक आहे," मी म्हणालो.

"तुला काय माहीत?"

"तेरा आणि एकवीस एकच झाड आहे."

पेन्सिल थांबली.

"आणि चौदा?"

"ते दोन नंबरचं."

"एकूण किती आया आहेत रे तुझ्या?"

"बारा."

त्या उठल्या. बेसिनपाशी जाऊन काचेचा एक चंबू सावकाश धुतला, उपडा ठेवला. तो आधीच धुतलेला होता. मी ओरड्याची वाट बघत होतो, आणि तो खरं तर मला हवा होता. मागे वळून त्या गावच्या बोलीत म्हणाल्या, "तुका पानां आणूक धाडलंय, का चाय पिऊक?" चहाचं त्यांना कसं कळलं, हे मी अजून विचारलेलं नाही. मग पत्राचे चार तुकडे केले आणि शुद्ध भाषेत म्हणाल्या, "अहो लेले, बॅग भरा. मीपण येते."

सुजलेल्या गुडघ्याला पट्टा बांधून त्या आल्या. व्हाळाचं पाणी थोडं उतरलं होतं, थोडंच. मॅडम अलीकडच्या खडकावर छत्री उघडून बसल्या, मांडीवर वही. गुरवकाकांनी मला ओळखलं आणि तत्परतेने माझी शिफारस केली, "ह्ये गेल्या टायमाक थंय गेलेच नाय. हयच बसान चाय पित होते."

"माहीत आहे, काका. आज चहा नका देऊ त्यांना."

काका माझ्या पुढे पाण्यात उतरले. वय साठीच्या पुढचं, सशासारखे पलीकडे. मी मधोमध घसरलो, पाणी प्यालो, चप्पल गेली. काठावरून आवाज आला, "पुड्या वर धर! तू बुडलास तरी चालेल!" पलीकडे एकेका झाडाखाली उभं राहून मी ओरडायचो आणि मॅडम लिहायच्या.

"तेरा!"

"खोड कसं?"

"सोललंय, मॅडम! एका बाजूने!"

"जिवंत आहे ना? पान घे! पुढे!"

अठरा झाडांतली सात सोललेली होती. सव्विसावं तर जवळजवळ गेलेलंच, एका फांदीला चार पानं. मी पलीकडून ओरडलो, "ह्याचं सोडू का?" व्हाळाच्या आवाजातही उत्तर ऐकू आलं, "ते आधी घे!"

त्या अठरांचे आकडे आले तेव्हा बाकी दोन्ही रायांत न सापडलेल्या तऱ्हा त्यांत सापडल्या. तिसरी राई यादीत गेली, पहिल्या नंबरावर. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर मॅडमनी अहवालाचं शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं. "पहिल्या वेळी काय झालं ते इथे लिही. पुढे कुणी ते जुने आकडे वापरेल. सगळं लिही, आणि खाली नाव." लिहिलं. आमच्या घराण्यात माझं नाव छापून आलेलं तेवढं एकच ठिकाण आहे. आईने ते पान कपाटात जपून ठेवलंय. इंग्रजीत आहे म्हणून वाचलेलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात बिया आल्या, रुजल्या, जाळीखाली ट्रे लागले, प्रत्येक ट्रेवर आईचा नंबर. दरम्यान मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात शाल घेतली आणि भाषण टाळलं. पण रोपं लावणीसाठी कोकणात निघायच्या दिवशी सकाळी आठला फाटकात हजर.

टेंपो आला. त्याच्याबरोबरच्या मुकादमाने भराभर उंच, टवटवीत रोपं निवडून अर्धा टेंपो भरलासुद्धा. मॅडमनी ट्रेंवरचे नंबर वाचले.

"हे सगळे चार आणि सात नंबरचे. उतरव."

"अहो मावशी, चांगली चांगली घेतली ना. ती बुटकी काय जगणार?"

"मेली तर तिथे डोंगरात मरतील. उतरव म्हटलं ना."

"टाइम नाही हो, लांब जायचंय."

"मला आहे. निवृत्त झालेय मी."

मुकादमाने माझ्याकडे आशेने पाहिलं. मी ट्रे उतरवायला लागलो. दोन तास गेले. प्रत्येक आईची सारखी रोपं, ओळीने. मॅडम खुर्चीवर बसून यादीवर खुणा करत होत्या. शेवटी सव्विसाव्या झाडाचा ट्रे उरला. त्या झाडाला जेमतेम शेंगा धरल्या होत्या, त्यातून सहा रोपं आली होती, वीतभर उंचीची. मागे तसूभर जागा नव्हती. मुकादम म्हणाला, पुढच्या खेपेला नेऊ. मॅडम ड्रायव्हरशेजारी चढल्या, पट्ट्याचा पाय आधी आत ओढून घेतला, आणि हात बाहेर काढला.

"दे ते इकडे."

"मॅडम, तुम्ही कुठे निघालात?"

"जाते तशीच गावाला. लावून होईल."

मी ट्रे त्यांच्या मांडीवर ठेवला. भांडुपचं घर त्यांनी पुढे भाच्याला दिलं आणि त्या गावीच राहिल्या. फोन होतात, क्वचित. भेट झालेली नाही.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मॅडमनी एका रोपाच्या बुडाशी बोट खुपसलं, मग खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

"लेल्या, ह्यांना सकाळी पाणी दिलंस?"

आदल्या संध्याकाळी त्यांनी फोन करून सकाळी सगळ्यांना पाणी द्यायला सांगितलं होतं. मी पहिल्या चार रांगांना दिलं होतं, तेवढ्यात घरून फोन आला आणि राहून गेलं. गाडी चालू होती. "हो" म्हणायला अर्धा सेकंद लागला असता.

"नाही, मॅडम. ह्यांना राहिलं."

"मग बघतोस काय?"

मी धावत जाऊन बाटली भरून आणली आणि खिडकीतून एकेका रोपाला घातली. घाईत जास्तच पडलं. मातीचं पाणी ट्रेच्या भोकांतून त्यांच्या साडीवर उतरलं. त्यांनी साडी सावरली नाही, ट्रे दोन्ही हातांनी सपाट धरून ठेवला.

"बास," त्या म्हणाल्या.

टेंपो फाटकातून बाहेर पडून एलबीएस रोडला लागला. खिडकीत त्यांचं कोपर आणि दोनचार तांबूस, लोंबती पानं दिसत होती. त्या ड्रायव्हरला काहीतरी सांगत असाव्यात, कारण रस्ता मोकळा असूनही टेंपोचा वेग कमी झाला. मागे रिक्षा, मोटारसायकली, एक बस, सगळ्यांनी हॉर्न लावले. टेंपो त्यांच्यापुढून बैलगाडीच्या चालीने, रस्त्याच्या मधोमध, निवांत चालला होता.